तीन वर्षं जपलेली भोकं

चहा उकळतोय तोवर सांगून टाकते, नाहीतर आमच्याकडचं दुसरं कोणीतरी सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. तसाही हा किस्सा पिंपळनेरच्या बाजारातून निघून नरडाण्याच्या स्टेशनापर्यंत पोचलाय म्हणे. मग मूळ गुन्हेगाराच्या तोंडून ऐकलेला काय वाईट?

लग्न होऊन मला तेव्हा बावीस दिवस झाले होते. माहेर पाचोऱ्याचं, वडिलांचं शिंपीकामाचं दुकान. म्हणजे मी चालायला लागायच्या आधी काजं करायला शिकले असं समजा. सासर धुळ्याचं, पण ह्यांची नोकरी पिंपळनेरजवळ, झाडं लावणाऱ्या एका सरकारी खात्याच्या रोपवाटिकेत. तिथेच दोन खोल्यांचं क्वार्टर. पुढे पॉलिथिनच्या पिशव्यांत ओळीनं उभी रोपं, मागे टेकड्या, मध्ये मी आणि माझं लग्नात मिळालेलं शिलाई मशीन.

मी कमी बोलते हे तुम्हाला माहीत आहे. पण हे माझ्याहून कमी बोलतात हे मला लग्नानंतर कळलं. जेवताना "मीठ?" "पुरे." एवढं झालं की त्या दिवशी गप्पा रंगल्या असं मी धरायची. दोन गप्प माणसांचा संसार फार शांततेत चालतो. फक्त कोणाला काही कळत नाही.

तर त्या दिवशी सकाळी हे धुळ्याला मीटिंगला निघाले. पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा साहेबांना घेऊन येतोय. त्यांना शेडमधलं सगळं सामान बघायचंय."

"बरं," मी म्हणाले.

फाटकापर्यंत गेले, थांबले, मागे वळले. काहीतरी सांगायचं होतं. कान लाल झाले. मग एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि उरलेलं वाक्य ते धुळ्याला घेऊन गेले.

ते उरलेलं वाक्य मला दोन दिवसांनी कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगते, म्हणजे माझी फजिती तुम्हाला पहिल्यापासून नीट बघता येईल.

रोपवाटिकेत बारा बाया कामाला. पावसाळ्याच्या आधी टेकडीवरची घाणेरी आणि बाभळीची काटेरी झुडपं तोडायची, खड्डे खणायचे, मग रोपं लावायची. ह्या कामासाठी खात्यानं कधीकाळी गमबूट, चामड्याचे हातमोजे, हेल्मेटं, डोळ्यांवरचे चष्मे दिले होते. ते सगळं फाटून, तडकून, कुजून गेलं होतं. बाया हाताला चिंध्या गुंडाळून काटे तोडायच्या. त्यांची मुकादम हिराअक्का, तिचे तळहात बघितले असते तर तुम्ही चहाचा कप खाली ठेवला असता. हे तीन वर्षं नव्या सामानासाठी अर्ज करत होते. आणि तीन वर्षांनी एकदाचा एक साहेब स्वतः येऊन बघणार होता की सामान खरंच निकामी झालंय का. त्यानं कागदावर 'निकामी' लिहिलं की नवं येणार, 'ठीक' लिहिलं की आणखी एक पावसाळा चिंध्यांवर.

म्हणजे ते फाटकं सामान घरातल्या दागिन्यांसारखं जपायचं होतं.

आणि मला काय वाटलं?

मला 'बघायला येणार' ह्याचा एकच अर्थ माहीत होता. दोनच महिन्यांपूर्वी मला बघायला आले होते. आदल्या दिवशी आईनं मला उटणं लावलं, काकूनं पोह्यांना जास्तीचे शेंगदाणे घातले, मामानं खुर्चीच्या मोडक्या पायाखाली लाकूड सरकवून त्यावर चादर सोडली. माझा चष्मा डब्यात गेला. मी पाहुण्यांऐवजी दाराच्या चौकटीला नमस्कार केला होता, तरी पसंती आली. तेव्हा कोणी बघायला येणार म्हटलं की जे फाटकं-तुटकं असेल ते झाकायचं, सांधायचं, चमकवायचं. हे काय सांगावं लागतं?

मी शेडचं दार उघडलं आणि मला रडूच आलं. ह्यांनी सगळ्यात फाटका गमबूट सगळ्यात वर ठेवला होता. टाच एवढी उघडी की आतून पलीकडची भिंत दिसत होती. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं ना. आता आहे.

पदर खोचला.

सुरुवात हातमोज्यांपासून केली. तळव्याला मोठमोठी भोकं. माझ्या लग्नातल्या जाड पिशवीचं कापड कापून आतून लावलं आणि मशीनवर दुहेरी टीप मारली. आमच्या दुकानाचा नियम, ठिगळ आतून लावायचं, बाहेरून दिसता कामा नये. दुपारपर्यंत मोजे असे दिसायला लागले की कोणी म्हणावं, आजच दुकानातून आणले. आत बोटं जातात की नाही हे मी बघितलं नाही. माणसाला बघायला येतात तेव्हा त्याच्या आत कोणी हात घालून बघतं का?

जेवणाच्या सुट्टीत हिराअक्का पाणी प्यायला आली आणि ओट्याशी उभीच राहिली.

"वहिनी, हाई काय करी राह्यनात?"

"शिवतेय."

तिनं एक मोजा उचलला, उलटसुलट केला. मागे उभ्या असलेल्या बायांकडे बघितलं. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "भाऊसनी सांगेल शे का?"

आता इथे खरी चूक झाली. बाकी सगळं नंतरचं. नवी नवरी आहे, समोर बारा बाया आहेत. त्यांना काय सांगू, की माझा नवरा मला मिठापलीकडे काही बोलत नाही? माझीही काही इज्जत आहे. मी खाली मान घातली आणि ती मान हळूच हलवली. हो.

"मंग ठीक शे," हिराअक्का म्हणाली. "भाऊसना डोकामा काहीतरी व्हईच."

आणि एवढं बोलून ती पदर खोचून माझ्या शेजारी बसली. मुकादमच बसली म्हटल्यावर बाकीच्याही बसल्या. सामान फाटकं राहिलं तर आपल्याला नवं मिळेल हे त्या बाराजणींना पक्कं ठाऊक होतं. पण भाऊंनी सांगितलंय ना, वहिनी हो म्हणाली ना. एकीनंही तोंड उघडलं नाही. त्या माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातांनी स्वतःचे नवे मोजे घालवत होत्या आणि वर मला "वहिनीना हातले कला शे" म्हणत होत्या. मी लाजत होते.

हेल्मेटांच्या आतल्या पट्ट्या कुजल्या होत्या. कुजेनात का, खानदेशात कापूस कमी आहे का? प्रत्येक हेल्मेटात छान गुबगुबीत कापूस भरून वर सुती कापड शिवलं. डोक्याला कसं मऊ लागेल. तडे गेले होते तिथे पिवळा रंग फासला.

चष्म्यांना ओरखडे होते. ते मी राखेनं घासले. पितळ घासतो तसेच, दाबून. ओरखडे गेले. म्हणजे एकेक वेगळा ओरखडा दिसेनासा झाला, सगळी काच एकसारखी दुधी झाली. उन्हात ठेवले तर मोत्यासारखे दिसत होते.

कुदळी आणि टिकावांचे दांडे कोरडे, भेगाळलेले. त्यांना तिळाचं तेल चोळलं. एक दांडा तर इतका तुळतुळीत झाला की माझ्याच हातातून सटकून कोंबडीच्या मागे गेला. कोंबडी दोन दिवस दिसली नाही. मी ह्यातून काही बोध घेतला का? नाही. मला वाटलं, आज कोंबडीचं काहीतरी बिनसलंय.

राहिले गमबूट. रबराला सुई चालेना. मग आमचे चौकीदार सोमाआबा, त्यांना सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणि पंक्चरचं सोल्यूशन आणायला पाठवलं. आबा आणून देताना म्हणाले, "वहिनी, हाई थोडंच लावजो. लावानं, सुकू देवानं, मंग चिटकाडानं."

मी थोडंच लावलं. पहिल्या जोडाला. मग वाटलं, साहेब बघणार आहेत, पक्कं झालं पाहिजे. अकरा जोड दुसऱ्या दिवसापर्यंत झाले. बारावा, सगळ्यात मोठ्या मापाचा, तोच तो उघड्या टाचेचा, साहेब यायच्या दिवशी सकाळी झाला. उरलेला अख्खा डबा त्याच्या पोटात ओतला. ठिगळ अर्थातच आतून.

दुपारी जीप आली. शेडपुढे सतरंजी अंथरून मी सगळं मांडून ठेवलं होतं. बारा जोड गमबूट लग्नातल्या पाहुण्यांसारखे रांगेत बसलेले. मागे हेल्मेटं, बाजूला मोजे. आणि दारात मी, डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे. मनात एकच विचार, आज हे दोन वाक्यं तरी बोलतील.

हे जीपमधून उतरले, सतरंजीकडे बघितलं आणि तिथल्या तिथे थांबले. माणूस पांढरा पडतो म्हणजे काय हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते सरळ आत आले. मी मागोमाग.

"हे कोणी केलं?"

"मी." अगदी अभिमानानं.

हे तांदळाच्या कोठीवर बसले. "अगं, तीन वर्षं जपून ठेवलेली भोकं होती ती."

आणि मग ते उरलेलं वाक्य मला ऐकायला मिळालं. एक नव्हतंच ते, पंधरा-वीस वाक्यं होती. बावीस दिवसांचं, नाही, चोवीस दिवसांचं बोलणं ते एका दमात बोलले. निकामी लिहिलं तर नवं, नाहीतर नाही. हिराअक्काचे हात. अर्ज. सगळं. 

"मग सांगायचं ना मला," मी म्हणाले.

"सांगणार होतो," हे म्हणाले. "पण आमच्याकडे सगळं फाटकं आहे आणि ते असंच राहू दे, असं नव्या बायकोला कसं सांगायचं?"

आता ह्याला काय म्हणाल? माझ्यासारखाच निघाला हा माणूस. पण तेव्हा हसायला वेळ नव्हता. बाहेर आलो तर साहेब एकेक गमबूट उचलत होते.

"वा," साहेब म्हणाले. पोटानं मोठे, स्वभावानं खुशाल असे गृहस्थ. "तुम्ही अर्जात लिहिता, गमबुटांना भोकं आहेत. कुठे आहेत भोकं?"

"होती, साहेब," हे म्हणाले.

"होती म्हणजे?"

"मी गेलो तेव्हा होती."

"भोकं काय रजेवर गेली?" साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले आणि खिशातून पेन काढलं. "सगळं सामान उत्तम आहे. उगाच खात्याला त्रास कशाला? ठीक असं लिहितो."

ओट्यापलीकडे बारा बाया उभ्या होत्या. हिराअक्कानं माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग परत माझ्याकडे. तिच्या लक्षात आलं.  तिनं नुसते स्वतःचे हात पदरात घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पेन कागदाला टेकलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. लग्न झाल्यापासून रोपवाटिकेबाहेरच्या माणसाशी बोललेलं पहिलं वाक्य.

"साहेब, घालून बघा ना."

ह्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, ही अजून मिरवतेच आहे. पण आमच्या दुकानात कोणताही कपडा ट्रायल दिल्याशिवाय जात नाही, आणि बाहेरून सुरेख दिसणाऱ्या शिलाईनं आत काय केलंय हे ट्रायलला कळतंच. मीच केलं हे सांगायचं धाडस नव्हतं. तेवढंच सुचलं.

"का नाही?" साहेब खुशीत म्हणाले. "वहिनींचा आग्रह आहे. आणा तो मोठा जोड."

मोठा जोड म्हणजे कोणता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्याही आलं. पण तोवर साहेबांनी आपले बूट काढून पाय आत सारले होते.

"थंड लागतंय आत," ते म्हणाले. "छान."

मग मोजे. उजव्या मोज्यात बोटांच्या पाच जागांपैकी तीनच उघड्या होत्या, बाकीच्यांवर माझी दुहेरी टीप होती. साहेबांनी पाच बोटं तीन जागांत बसवली. मग हेल्मेट. कापूस जरा जास्त झाला होता, त्यामुळे ते डोक्यावर बसायच्या ऐवजी डोक्यापासून वीतभर वर राहिलं. शेवटी चष्मा.

"ढग आलेत का हो?" साहेबांनी विचारलं. टळटळीत ऊन होतं.

सोमाआबांनी वर आभाळाकडे बघितलं.

"आता टिकाव द्या. दोन घाव घालून दाखवतो. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे."

हे पुढे झाले, "साहेब, नको, तेवढं राहू द्या." पण साहेबांनी चाचपडत टिकाव उचललाच, झोकात डोक्यावर नेला आणि घाव घातला. दोन्ही हात खाली आले. टिकाव आला नाही. तो तिळाच्या तेलात न्हालेला टिकाव मागच्या मागे निघाला, सोमाआबांच्या डोक्यावरून गेला आणि पाण्याच्या हौदात पडला. साहेब रिकाम्या हातांनी खाली वाकले तसं हेल्मेट पुढे घरंगळलं, त्याची टीप उसवली आणि सगळा कापूस साहेबांच्या मिशांवर.

"टिकाव कुठे गेला?" साहेब शांतपणे म्हणाले.

"हौदमा," सोमाआबा म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. मिशांवरचा कापूस काढला. मग म्हणाले, "मी माझे बूट घालतो."

आणि मग कळलं की ते घालता येणार नाहीत, कारण आधीचे निघत नाहीत.

डाव्या पायाचा गमबूट मोज्यासकट निघाला. म्हणजे पायमोजा आतच राहिला, आजही आहे. उजवा हलेना. ड्रायव्हरनं ओढला, ह्यांनी ओढला. मग सोमाआबांनी सूत्रं हाती घेतली. "साहेब, तुम्ही झाडले धरा, मी बूटले धरस." साहेबांनी कडुलिंबाला मिठी मारली. आबांनी गमबुटाला. आबांच्या मागे हिराअक्का, तिच्या मागे दोन बाया. साहेब, कडुलिंब, सगळे हलले. बूट नाही हलला. एवढा पक्का जोड मी आयुष्यात परत लावलेला नाही.

बाराच्या बारा बाया पदरात तोंड घालून थरथरत होत्या. मी ट्रेमागे. ह्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघितलं तर नाही.

शेवटी साहेब एका पायात कातडी बूट आणि दुसऱ्यात गमबूट घालून जीपमध्ये बसले. बसताना माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, शिलाई कोणाची?"

"माझी," मी म्हणाले. लपवून आता काय राहिलं होतं? "साहेब, आत सगळं फाटलेलंच आहे. मी फक्त वरून शिवलं."

"ते मला कळलं," साहेब म्हणाले. "पायापासून डोक्यापर्यंत कळलं."

जीप गेली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवताना किती बोललो म्हणता. बोललो म्हणजे काय, हे 'कडुलिंब' म्हणायचे आणि मला ठसका लागायचा.

आठवड्यानं साहेबांच्या अहवालाची प्रत आली. ह्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. त्यात लिहिलं होतं की सदर साहित्य कामगारांच्या वापरास पूर्वीच अयोग्य झाले होते, परंतु स्थानिक पातळीवर झालेल्या दुरुस्तीनंतर ते कोणाच्याही जिवास धोकादायक झाले आहे, सबब सर्व साहित्य तातडीने नवीन द्यावे. तीन वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही ते माझ्या एका सोल्यूशनच्या डब्यानं केलं. असं मी ह्यांना म्हणालेही. ह्यांनी 'जिवास धोकादायक' एवढंच परत वाचून दाखवलं.

पावसाच्या आधी सगळं आलं. बारा जोड गमबूट, कोरे, काळे, रबराच्या वासाचे. हिराअक्कानं मोजे घातले, मुठी उघडून-मिटून बघितल्या, मग घाणेरीचं एक काटेरी झुडूप सरळ मुठीत धरून उपटलं आणि लहान मुलीसारखी हसली. मी कौतुकानं पुढे झाले, तर तिनं हात पाठीमागे नेले.

"वहिनी, दूरथीनच देखा बरं."

सामानाबरोबर एक पत्र्याची पाटीही आली होती, शेडवर लावायची. वर 'सुरक्षितता' असं छापलेलं, खाली 'स्थानिक धोके' आणि पुढे मोकळ्या ओळी, त्या आपण खडूनं भरायच्या. दुपारी मी तिथून गेले तर पाटी भरून लावलेली होती. पहिल्या ओळीत काटे, दुसरीत साप, तिसरीत गांधीलमाश्या. आणि चौथीत, जरा मोठ्या अक्षरात, 'वहिनी'.

हिराअक्का अंगठा लावते. सोमाआबाही अंगठाच लावतात, बाकीच्या बायाही. रोपवाटिकेत लिहिता येणारी माणसं दोनच, आणि त्यातली एक मी.